खिडकीपासून खाटेपर्यंत

दवाखान्यातले पहिले बोलणे डॉक्टरांशी होत नाही, केसपेपरच्या खिडकीशी होते. मध्ये काच, काचेत बशीएवढे भोक, पलीकडे संगणकात डोके घातलेला माणूस आणि मागे रांग. "नाव? वय? पत्ता? कुठे दाखवायचंय?" धडधाकट माणसालाही इथे एखादा प्रश्न दोनदा विचारून घ्यावा लागतो. ज्याला कमी ऐकू येते त्याच्यापर्यंत काचेमुळे आवाज पोचत नाही आणि समोरच्याची मान खाली असल्यामुळे ओठही दिसत नाहीत. ज्याला अंधुक दिसते त्याला चार खिडक्यांमधली आपली कोणती ते कळत नाही, कारण ते वर पाटीवर लिहिलेले असते. ज्या आजींची आठवण विरत चालली आहे त्या 'वय?' या प्रश्नावर अडखळतात आणि मागून सून उत्तर देते. अर्धांगवायूनंतर ज्यांचे शब्द गेले आहेत ते काका नुसते बघत राहतात. या चौघांच्या केसपेपरवर पुढे जे काही लिहिले जाणार आहे, त्याची सुरुवात अशी झालेली असते.

ज्यांना या चौघांशी रोज बोलायचे आहे त्यांच्यासाठी हे पुस्तक लिहिले आहे. डॉक्टर होऊ घातलेली मुले-मुली, परिचारिका, वॉर्डातल्या मावशी आणि मामा, एक्स-रे काढणारे तंत्रज्ञ, औषधाच्या दुकानात पाकिटावर खुणा करून देणारा मुलगा, आणि अर्थात घरची माणसे. या विषयाचे ज्ञान आज विखुरलेले आहे. थोडे श्रवणशास्त्रात, थोडे वाचाउपचारात, थोडे मेंदूविकारशास्त्रात, थोडे विशेष शिक्षणात, थोडे कायद्यात. ते एका जागी आणून मराठीत मांडावे, एवढा या पुस्तकाचा हेतू आहे. वाचकाला आधीचे काही यायला हवे अशी अट नाही.

माझे म्हणणे मात्र सुरुवातीलाच सांगते. अशा रुग्णाशी नीट बोलणे हा तपासणीचाच एक भाग आहे. आपण त्याला सौजन्य समजतो, ज्याच्या त्याच्या स्वभावावर सोडतो, आणि गर्दी वाढली की सर्वांत आधी तेच वगळतो. पण निदानाचा मोठा वाटा रुग्णाच्या सांगण्यातून येतो, हे वैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवलेले असते. नळी तुंबलेल्या स्टेथोस्कोपने छाती तपासून कुणी 'आवाज नॉर्मल' असे लिहीत नाही. बोलण्याची वाट तुंबलेली असताना मात्र 'रुग्णाची काही तक्रार नाही' असे आपण सर्रास लिहितो.

या पुस्तकासाठी ठाणे-कल्याण-डोंबिवली हा पट्टा निवडण्याचे कारण मी इथे काम करते एवढेच नाही. १८५३ साली बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली, आणि तेव्हापासून हा पट्टा रुळांच्या कडेने वाढत गेला. मूळचे आगरी आणि कोळी, कोकणातून, देशावरून, खानदेशातून आलेली कुटुंबे, फाळणीनंतर कल्याणजवळच्या छावणीत वसलेले आणि तिचे उल्हासनगर करणारे सिंधी, डोंबिवलीतले गुजराती आणि तमिळ, अलीकडे उत्तरेतून आलेले कामगार. एका वॉर्डात पाच भाषा सहज सापडतात. त्यात इथली दिनचर्या लोकलच्या वेळापत्रकावर चालते. मुलगा-सून सकाळी मुंबईच्या दिशेने गेले की घरातले वृद्ध दिवसभर एकटे. ते आजारी पडले की ज्याला सुट्टी मिळते तो त्यांना दवाखान्यात आणतो. आज मुलगी, उद्या शेजारी, परवा सोसायटीचा वॉचमन. त्यामुळे रुग्णाला नीट सांगता येत नाही, आणि सोबत आलेल्याला पुरेसे ठाऊक नसते, अशी जोडी कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय असो, ठाण्याचे सिव्हिल असो, कल्याणचे रुक्मिणीबाई असो की डोंबिवलीचे शास्त्रीनगर, सगळीकडे ओपीडीत भेटते.

किती लोकांचा हा प्रश्न आहे? २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या. पण वयोमानाने कमी ऐकू येणारे आजोबा स्वतःला अपंग म्हणवत नाहीत आणि जनगणनेतही तसे सांगत नाहीत. विस्मरणाचे आजार तर घरात वर्षानुवर्षे 'वयामुळे होतं असं' या वाक्याखाली झाकलेले असतात. देशभरातल्या वृद्धांच्या पाहणीवर आधारलेला आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेला अंदाज असा, की साठीपुढच्या भारतीयांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोक डिमेन्शियासह जगत आहेत. आपल्या ओपीडीच्या बाकांवर हे लोक बसलेले आहेत. त्यांच्या केसपेपरवर मात्र गुडघेदुखी, मधुमेह, खोकला असे काहीतरी लिहिलेले असते.

कानापासून सुरुवात करू, कारण इथे थोड्या ज्ञानाने सर्वांत जास्त फरक पडतो. वयाबरोबर येणाऱ्या बहिरेपणात आधी उंच पट्टीचे आवाज जातात. स्वर ऐकू येतात. स, श, च, त, फ अशी व्यंजने विरतात. म्हणून आजी म्हणतात, "आवाज येतो रे, बोलणं कळत नाही." ही तक्रार शब्दशः खरी आहे. त्यांच्यासाठी 'साठ'मधला 'स' गळतो आणि 'आठ' उरतो. हा फरक गोळीच्या मात्रेत किंवा इन्सुलिनच्या युनिटांत करून पाहा. अशा वेळी आपण ओरडतो. ओरडल्याने स्वर आणखी मोठे होतात, व्यंजने तिथेच राहतात, ओठांचा आकार वेडावाकडा होतो आणि चेहरा रागावलेला दिसतो. शिवाय अशा कानांना मोठा आवाज लवकर बोचू लागतो. पंखा किंवा टीव्ही बंद करणे, हातभर अंतरावर समोर बसणे, उजेड आपल्या तोंडावर पडेल अशी खुर्ची फिरवणे, मध्यम आवाजात थोडे सावकाश बोलणे, यातले काहीच खर्चिक नाही. दोनदा सांगून कळले नाही तर तिसऱ्यांदा तेच वाक्य म्हणू नये, शब्द बदलावेत. आकडे तर नेहमी लिहूनच द्यावेत.

एक युक्ती प्रत्येक वॉर्डात उपलब्ध आहे आणि फार थोडे लोक ती वापरतात. स्टेथोस्कोपची दोन टोके रुग्णाच्या कानांत घालायची आणि छातीवर ठेवायच्या चकतीपाशी तोंड नेऊन हळू बोलायचे. कानाचे यंत्र विसरून आलेल्या, घाबरलेल्या आजोबांचा चेहरा पहिल्याच वाक्याला बदललेला मी पाहिला आहे. परिचारिकेने विचारले होते, "जेवलात का?" त्यावर त्यांनी जेवणाबद्दल न सांगता रात्रभर लघवी झालेली नाही हे सांगितले. सकाळपासून तिघांनी त्यांना "काही त्रास?" असे मोठ्याने विचारले होते, आणि तिघांनाही त्यांनी मान हलवून "नाही" म्हटले होते.

ओठ वाचून कळते, यावर आपला फार विश्वास असतो. मराठी ओठ आरशात पाहा. प, ब आणि म यांचा आकार एकच दिसतो. 'पोट दुखतंय का' आणि 'बोट दुखतंय का' ही दोन वाक्ये आवाज बंद करून पाहिली तर वेगळी करता येत नाहीत. क, ख, ग, घ तर तोंडात इतके मागे घडतात की बाहेर त्यांची खूणच उमटत नाही. ओठ वाचणारा माणूस अर्धेअधिक अंदाजाने भरून काढत असतो आणि अंदाजाला आधार लागतो विषयाचा. म्हणून आधी बोट पोटाकडे न्यावे, मग प्रश्न विचारावा. करोनाच्या काळात मास्कने सगळ्यांचेच ओठ झाकले गेले, तेव्हा आपल्याला कमी ऐकू येते हे अनेकांना पहिल्यांदा कळले.

जन्मापासून कर्णबधिर असलेल्या, खुणांची भाषा बोलणाऱ्या प्रौढांचा प्रश्न निराळा आहे. "लिहून दाखवतो की" हे त्यांच्यासाठी पुरेसे उत्तर नाही. भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचे व्याकरण आहे. ती मराठीचे हातांनी केलेले रूप नाही. शाळेत वर्षे घालवूनही अनेकांची लिखित मराठी तोडकी राहते, कारण जी भाषा कधी ऐकलीच नाही ती त्यांना अक्षरांतून शिकावी लागली. शस्त्रक्रियेच्या संमतीपत्राची लांबलचक वाक्ये त्यांच्यापुढे ठेवून सही घेणे म्हणजे संमती घेणे होत नाही. वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३पासून या क्षेत्रात आहे. २०१५ साली दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषेचे संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र सुरू झाले आणि त्याच्या शब्दकोशात आता दहा हजार शब्द आहेत. दुभाषे मात्र अजून फार थोडे आहेत. त्यांची जागा घरातले ऐकू येणारे मूल भरून काढते. नऊ-दहा वर्षांच्या मुलीने आपल्या आईला तिच्या गाठीचा अहवाल हातांनी सांगावा, असे प्रसंग आपल्याकडे घडतात. जगभरच्या अभ्यासकांचे याबाबत एकमत आहे की मुलाला दुभाषा करू नये. दुभाषा मिळेपर्यंत थांबता येत असेल तर थांबावे, नाहीतर फोनवरच्या व्हिडिओ कॉलने मोठ्या माणसाची मदत घ्यावी.

दृष्टीबद्दल थोडक्यात लिहिते, कारण नियम सोपे आहेत आणि पुढे त्यांचे स्वतंत्र प्रकरण आहे. खोलीत येताना नाव सांगा, जाताना जाते म्हणून सांगा. हात लावण्याआधी बोला. "तिकडे बसा" यातल्या 'तिकडे'ला काही अर्थ नसतो. "तुमच्या उजव्या हाताला दोन पावलांवर खुर्ची आहे" याला असतो. ब्रेल वाचणाऱ्या पदवीधर माणसाचा अंगठा घेऊ नका, तो सही करतो का ते विचारा. आणि सोबतच्या माणसाला "यांना साखर चालते का?" असे विचारू नका. समोरचा माणूस ऐकतो आहे.

एका ज्ञानेंद्रियाचा या चर्चेत कुणी उल्लेखही करत नाही, ते म्हणजे स्पर्श. कल्याणच्या पत्रीपुलाजवळच्या हनुमाननगर वसाहतीत कुष्ठरोगातून बरी झालेली कुटुंबे राहतात. तिथल्या कामासाठी गजानन माने यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. कुष्ठरोगात मज्जातंतू मरतात आणि त्याबरोबर दुखण्याची जाणीव जाते. अशा माणसाला "दुखतंय का?" विचारून काही मिळत नाही. तो खरेच सांगतो की दुखत नाही, आणि तळपायाला भोक पडलेले असते. त्याला विचारायचे ते असे: "काल चपलेत खडा सापडला का? चुलीवरचं भांडं कशानं उतरवता? मोज्याला डाग होता का?" मग स्वतः पाहायचे. ज्यांचे डोळेही या आजाराने गेले त्यांना ब्रेलचाही उपयोग होत नाही, कारण ब्रेल वाचायला बोटांची टोके जिवंत लागतात. जुन्या मधुमेहातही पायांचे असेच होते, आणि असे मधुमेही आपल्या रांगेत भरपूर आहेत.

आता भाषेकडे. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका यांनी ज्या रुग्णाचा मेंदू तपासला, त्याला अनेक वर्षे एकच अक्षर बोलता येत होते, आणि त्यावरून रुग्णालयात त्याचे नावच 'टॅन' पडले होते. मेंदूच्या डाव्या भागाला इजा झाली की भाषा जाते, बुद्धी तशीच राहू शकते, हे तेव्हापासून वैद्यकाला ठाऊक आहे. दीडशे वर्षांनंतरही वाचाघात झालेल्या माणसाशी लोक तो काही समजत नसल्यासारखे बोलतात, किंवा त्याच्यासमोर त्याच्याबद्दल बोलतात.

वर्गात मी नेहमी सांगते तो प्रसंग असा. डोंबिवलीचे एक गृहस्थ, आयुष्य तिकिटे फाडण्यात गेलेले, झटक्यानंतर उजवी बाजू लुळी आणि तोंडात एकच शब्द, "हो". जेवलात? हो. झोप लागली? हो. दुखतंय का? हो. मग कुणीतरी विचारले, दुखत नाही ना? हो. कागदावर नोंद झाली: रुग्ण दिशाहीन, माहिती अविश्वसनीय. वाचाउपचार करणाऱ्या मुलीने आधी त्यांचा 'हो' तपासला. "तुम्ही डोंबिवलीला राहता?" हो. "तुम्ही नाशिकला राहता?" पुन्हा हो, पण या वेळी भुवया वर गेल्या आणि डावा हात नकारात हलला. म्हणजे तोंडातला 'हो' त्यांच्या ताब्यात नव्हता, हात होता. तिने कागदावर मोठ्या अक्षरांत एका कडेला 'हो' आणि दुसऱ्या कडेला 'नाही' लिहिले, मध्ये माणसाची साधी आकृती काढली आणि पेन त्यांच्या डाव्या हातात दिले. त्यांनी आकृतीच्या उजव्या खांद्यावर टोक इतके दाबून धरले की कागद फाटला. अंथरुणातून उठवताना मामा त्यांना रोज त्याच लुळ्या हाताला धरून ओढत होते आणि खांदा निखळत चालला होता. पुढचे उपचार अवघड नव्हते. माहिती मिळायला मात्र आठवडा लागला होता, आणि ती सगळा वेळ त्या खाटेवरच होती.

टोरांटोच्या ऑरा केगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात साध्या स्वयंसेवकांना असे बोलायला शिकवले: कागद, पेन, चित्र, हावभाव, 'तुम्हाला कळतंय हे मला ठाऊक आहे' अशी वेळोवेळी दिलेली खात्री, आणि मिळालेले उत्तर पुन्हा पडताळणे. प्रशिक्षण स्वयंसेवकांना दिले होते, रुग्णांना नव्हे. तरी रुग्णांचा संवाद सुधारला. या क्षेत्रातला हा निष्कर्ष मला सर्वांत मोलाचा वाटतो. दोघांमधल्या एकाची भाषा गेली असेल तर दुसऱ्याने शिकून बराच पल्ला भरून काढता येतो, आणि तो दुसरा म्हणजे आपण.

डिमेन्शियाचे प्रकरण या पुस्तकात सर्वांत मोठे आहे. ब्रिटनमधल्या टॉम किटवुड यांनी १९९७च्या आपल्या ग्रंथात मांडले की या रुग्णांचे जे नुकसान होते त्यातले सगळे मेंदूतल्या बिघाडाने होत नाही. घाई करणे, फसवणे, लहान मूल समजणे, असून नसल्यासारखे वागवणे यांनीही होते. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' ज्यांनी पाहिला असेल त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. मोहन आगाशे यांनी साकारलेले संस्कृतचे विद्वान हत्तीमागे निघून जातात. माहुताच्या बायकोला निदान ठाऊक नाही, आजाराचे नावही ठाऊक नाही. ती त्यांना जेवू घालते, बसवून घेते, त्यांच्या म्हणण्याशी भांडत नाही. सिनेमात हे घडते तेव्हा आपण हळवे होतो. वॉर्डात तेच केले तर इंजेक्शन देताना हात बांधावे लागत नाहीत.

या रुग्णांची परीक्षा घेण्याची साधनेही तपासून घ्यावी लागतात. "आजची तारीख काय?" हा प्रश्न शाळेत गेलेल्या, नोकरी केलेल्या माणसाचा आहे. कोनगाव किंवा दिव्याकडच्या, कधी शाळा न पाहिलेल्या आगरी आजींना तारीख पूर्वीही ठाऊक नव्हती. पण एकादशी कालच झाली हे ठाऊक असते, आणि ते विसरल्या तर काळजी करायला हवी. हिंदी भाषक निरक्षर वृद्धांसाठी १९९५ साली गांगुली आणि सहकाऱ्यांनी बल्लभगडच्या गावांतून अशी चाचणी घडवली. त्यात 'वाचा आणि तसे करा' याऐवजी 'माझ्या तोंडाकडे पाहा आणि मी करतो तसे करा' असे होते. चाचणी म्हणजे पुस्तकातून उतरवून घ्यायची प्रश्नावली, ही कल्पना त्या कामाने मोडली. भाषेचेही तसेच. अनेक वर्षे मराठी किंवा हिंदीत व्यवहार केलेले सिंधी आजोबा आजार वाढल्यावर सिंधीत बोलू लागतात. त्यांना 'बडबडतात' असे नोंदण्याआधी सिंधी जाणणारे कुणी आहे का, ते शोधावे. ठाणे-कल्याणात ते मिळायला तास लागत नाही.

रुग्णालयात दाखल झाल्यावर म्हातारी माणसे अचानक भ्रमात जातात, विशेषतः संध्याकाळी. अमेरिकेतल्या शॅरन इनॉय यांच्या गटाने १९९९ साली दाखवले की साध्या उपायांनी हे प्रमाण १५ टक्क्यांवरून ९.९ टक्क्यांवर आणता येते. उपाय कोणते? चष्मा लावून देणे, कानाचे यंत्र लावून देणे, दिवस-वेळ सांगत राहणे, चालवणे, पाणी पाजणे, रात्री झोपू देणे. आपल्याकडे चष्मा आणि यंत्र हरवू नये म्हणून नातेवाईक घरी घेऊन जातात. ते उशाशी ठेवा, डबीवर नाव घाला. खाटेसमोर कालनिर्णय टांगा, मोठ्या आकड्यांचे घड्याळ लावा. आणि आजींना 'आजी' म्हणा, पण 'अहो आजी' म्हणा. वॉर्डात शिरताच प्रेमाने का होईना, सगळ्या वृद्धांना एकेरी हाक मारण्याची पद्धत पडली आहे. शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या बाईंना "चल ग, गोळी घे पटकन" हे वाक्य कळत नाही असे नाही. ते कळते, म्हणूनच त्या तोंड मिटून घेतात.

बौद्धिक अक्षमता किंवा स्वमग्नता असलेल्या रुग्णांबाबत एक धोका विशेष सांगायला हवा. त्यांच्या प्रत्येक वागण्याचे कारण त्यांच्या मूळ अवस्थेत शोधले जाते. मुलगा डोके आपटतो, "त्याचं असंच असतं." त्याची दाढ किडली आहे हे चार दिवसांनी कळते. ब्रिटनमध्ये मेनकॅप या संस्थेने २००७ साली अशा सहा मृत्यूंची कहाणी जाहीर केली, आणि त्यानंतर तिथे रुग्णाबरोबर ठेवायच्या एका छोट्या पुस्तिकेचा वापर वाढला: याला काय आवडते, दुखले की हा काय करतो, याला कसे समजते. अशी पुस्तिका आपले पालक वहीच्या पानावर एका संध्याकाळी लिहू शकतात. ठाणे महापालिकेच्या 'जिद्द' शाळेसारख्या ठिकाणी शिकवणाऱ्या ताईंना ही माहिती तोंडपाठ असते. डॉक्टरांनी त्यांना फोन करायला संकोचू नये. बोलू न शकणाऱ्या मुलांसाठी आयआयटी मुंबईत तयार झालेले 'जेलो' हे चित्रांचे ॲप मराठीतही चालते.

यानंतर मी ज्या गोष्टीकडे वळते तिच्यावर परदेशी पुस्तकांत फार थोडे सापडते. त्या पुस्तकांत डॉक्टर आणि रुग्ण दोघेच खोलीत असतात. आपल्याकडे तिसरी खुर्ची असतेच, आणि बहुधा तीच बोलते. मुलगा सांगतो, "बाबांना काही कळत नाही, मला विचारा." तो काळजीनेच बोलतो, सुट्टी काढून आला आहे, परतीची गाडी पकडायची आहे. त्याला बाहेर बसवणे हा उपाय नाही. घरची भाषा, सवयी, औषधांचा डबा, रात्रीचे वागणे त्याला ठाऊक आहे, आणि उद्यापासूनची शुश्रूषा त्याच्याच घरात होणार आहे. पण पहिला प्रश्न रुग्णाला विचारावा, नजर रुग्णाकडे ठेवावी, उत्तरासाठी मनात दहा मोजावेत, आणि मग म्हणावे, "काका, यात अजून काही सांगायचं असेल तर मुलाला विचारू का?" ही परवानगी मागितल्याने दोघांचेही काम सोपे होते. काही प्रश्न मात्र एकट्यातच विचारायचे असतात. घरात मारहाण होते का, पैसे कोण घेते, खायला वेळेवर मिळते का. ज्या रुग्णाला सांगता येत नाही त्याच्यावरचा अन्याय लपवणे सर्वांत सोपे असते.

तिसऱ्या खुर्चीचा विचार करताना संदीप सावंत यांचा 'श्वास' आठवल्याशिवाय राहत नाही. लहान मुलाच्या डोळ्यांत कर्करोग आहे, दोन्ही डोळे काढावे लागणार आहेत. आजोबांना ते नातवाला सांगवत नाही. मुलाला कळल्याशिवाय मी शस्त्रक्रिया करणार नाही, असा डॉक्टरांचा आग्रह. त्या चित्रपटाला २००४ साली राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि महाराष्ट्रभर लोक रडले. डॉक्टरांचा तो आग्रह कठोर होता का? मला तो वैद्यकाच्या कर्तव्याचा गाभा वाटतो. ज्याचे शरीर आहे त्याला, त्याच्या वयाला आणि समजुतीला झेपेल अशा शब्दांत, आधी सांगायचे.

आपण याच्या बाजूने कायदाही केला आहे. २०१६चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २१ प्रकारच्या अपंगत्वांना मान्यता देतो. त्यातल्या संवादाच्या व्याख्येत ब्रेल, मोठी अक्षरे, स्पर्शाने होणारा संवाद, खुणांची भाषा आणि सोपी भाषा हे सगळे येते. सरकारी आणि खासगी दोन्ही रुग्णालयांच्या सर्व भागांत अडथळ्याविना वावर हवा, असे तो सांगतो. २०१९च्या वैद्यकीय अभ्यासक्रमापासून संवादकौशल्य आणि नीतीचे स्वतंत्र पाठ एमबीबीएसमध्ये आले. पुष्कळ रुग्णालयांत कायद्याचा अर्थ अजून उताराचा रॅम्प एवढाच घेतला जातो. रॅम्प हवाच. तो चढून वर आल्यावर समोर खिडकीच असते.

या पट्ट्यात या कामाची परंपरा नाही असे मुळीच नाही. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१पासून उभे आहे, आणि घर, गाव, भाषा यांचा पत्ता नसलेल्या माणसांशी बोलण्याचा तिथल्या परिचारकांचा अनुभव पुस्तकात न आलेले मोठे ज्ञान आहे. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली ठाण्यात सुरू केलेल्या आयपीएच या मानसिक आरोग्याच्या संस्थेने रुग्णांच्या घरच्यांना एकत्र बसवून बोलते केले. कर्जतला डॉ. भरत वाटवानी यांची श्रद्धा संस्था रस्त्यावर सापडलेल्या मनोरुग्णांना बरे करून घरी पोचवते. २०१८ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. रुग्णाच्या तोंडून निघालेल्या एखाद्या गावाच्या नावावरून, बोलीच्या हेलावरून त्याचे घर शोधायचे, हे काम ऐकून घेण्याच्या कौशल्यावर उभे आहे. या माणसांकडून शिकून लिहिलेली पाने तुम्हाला पुढे जागोजागी भेटतील.

पुस्तक कुठूनही वाचायला घ्या. घरात झटका आलेला माणूस असेल तर वाचाघाताचे प्रकरण आधी वाचा; बाकीचे नंतर. वॉर्डात नव्याने लागलेल्या परिचारिकांनी कानाच्या प्रकरणापासून सुरुवात करावी, कारण त्यातले सगळे उद्याच्या पाळीत करून पाहता येईल. विद्यार्थ्यांना प्रत्येक प्रकरणाअखेर जोडीने करायचे सराव दिले आहेत. एकाने कानात कापसाचे बोळे घालायचे आणि दुसऱ्याने त्याला तीन औषधांच्या वेळा सांगायच्या, अशा प्रकारचे. शेवटी "कळलं ना?" विचारायचे नाही, कारण त्याचे उत्तर नेहमी "हो"च येते. "मी काय सांगितलं ते मला एकदा सांगा बघू," असे म्हणायचे.

शेवटच्या परिशिष्टात दुखण्याचा चित्रतक्ता आहे. मराठीत दुखणे एका शब्दात मावत नाही: ठणका, कळ, चमक, सणक, उसण, मुरडा, चुरचुर, ठसठस, सलणे, मुंग्या येणे, जड पडणे. यातल्या प्रत्येकाने डॉक्टरांना वेगळी दिशा मिळते, आणि ज्याचे शब्द गेले आहेत त्याच्याकडून ही दिशाच हरवते. म्हणून प्रत्येकासाठी एकेक चित्र काढून घेतले आहे. ठसठस आणि ठणका यांची चित्रे रुग्णांना अजून सारखी वाटतात. त्यांवर काम चालू आहे. आगरी, कोळी, अहिराणी, सिंधी बोलणाऱ्यांचे शब्द आमच्याकडे अपुरे आहेत. तक्त्यातल्या प्रत्येक चित्राखाली दोन ओळी कोऱ्या ठेवल्या आहेत, आणि पान जाड कागदावर छापले आहे, म्हणजे ते फाडून खाटेशी लावता येईल. तुमच्या घरात त्या दुखण्याला जे म्हणतात ते तिथे लिहा.